दत्तक घेतलेल्या बॉल पायथनची घरघर पुन्हा पुन्हा का परतते? कमी खर्चात करायच्या तपासण्या, क्रमाने

आम्ही मिशिगनमध्ये राहतो आणि इथल्या एका बचाव गटासाठी, लोकांनी सोडून दिलेले साप घरी तात्पुरते सांभाळतो. त्यात सगळ्यात जास्त येतात ते बॉल पायथन. घाना, टोगो, बेनिन या भागातला हा लहान अजगर अमेरिकेत हजारो घरांत पाळला जातो. मालक कॉलेजला गेला, घर बदललं, बाळ झालं की सापाला जागा उरत नाही. आमच्याकडे पोचतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा श्वासाचा त्रास असतोच. इंजेक्शनांनी तो बरा होतो, नव्या घरी जातो आणि पहिला हिवाळा लागला की फोन येतो: "पुन्हा आवाज येतोय हो."

या परतणाऱ्या आजारात दोष औषधाचा क्वचितच असतो, तो बहुधा सापाला ठेवतो त्या पेटीत असतो. औषध संपतं, पेटी तशीच थंड राहते आणि छाती पुन्हा भरते. म्हणून खालचा क्रम पेटीपासून सुरू होतो. फुकटच्या तपासण्या आधी, पैसे लागणाऱ्या नंतर.

पैसे नाहीत तर साप घेतलाच कशाला, असं ऐकवणारे खूप भेटतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. कोणी रस्त्यावर ठेवून गेलेल्या सापाला विद्यार्थ्याने आपल्या खोलीत जागा दिली, तर त्याला रागावण्यापेक्षा त्याचे पन्नास डॉलर कुठे खर्च व्हावेत हे सांगितलेलं बरं. या सापाची सोबतही लांबची असते. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयाला १९६१ मध्ये एका खासगी मालकाने दिलेल्या बॉल पायथन मादीने २०२० मध्ये अंडी घातली होती.

लक्षणं

सापाला डायाफ्राम, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू, नसतो, त्यामुळे त्याला आपल्यासारखं खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. छातीत साठलेला चिकट स्राव तिथेच राहतो. पुढची बहुतेक लक्षणं या एका गोष्टीतून येतात.

सुरुवात आवाजाने होते. साप शांत बसलेला असताना श्वासागणिक बारीक शिट्टी, टिकटिक किंवा बुडबुड ऐकू येते. घाबरलेला साप फुसफुसतो तो आवाज वेगळा, तो आजार नव्हे. रात्री घर शांत झालं की पेटीजवळ कान नेऊन पाच मिनिटं ऐका. फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, पुढे डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडेल.

पुढची पायरी ओलाव्याची. नाकपुडीवर बुडबुडा, ओठांच्या कडेला लाळेची तार, काचेवर किंवा पाण्याच्या भांड्याच्या काठावर सुकलेले चकचकीत ओघळ. त्यानंतर साप मान उंच करून, हनुवटी काचेला टेकवून तासन्‌तास बसतो, कारण तसं बसलं की त्याला श्वास घेणं थोडं सोपं जातं. शेवटी तो तोंड वासून श्वास घ्यायला लागतो.

तोंड वासून श्वास, तोंडातून दाट दोरीसारखा स्राव, अंग लुळं पडणं, उलटं केल्यावर सरळ होता न येणं: यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तपासण्या करत बसू नका. पेटी गरम करा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

नुसतं न खाणं हे मात्र फारसं सांगत नाही. निरोगी बॉल पायथनही हिवाळ्यात दोन-तीन महिने उपाशी राहतो आणि त्याला काही होत नाही. न खाणं आणि वजन झपाट्याने उतरणं एकत्र आलं, तर चिंता करायची.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण तिच्यामुळे लोक उगाच घाबरतात. स्पायडर या रंगप्रकाराच्या बॉल पायथनांची मान जन्मापासून हलते, गिरकी घेते, कधी उलटी वळते. तो त्या प्रकाराचा आनुवंशिक दोष आहे, तो छातीच्या आजारामुळे होत नाही. आधी मान सरळ असलेल्या सापाची मान अचानक मागे वळायला लागली, तर ती गोष्ट वेगळी आणि गंभीर.

आधी वेगळा ठेवा, खाली साधा कागद घाला

खर्च शून्य. घरात दुसरा साप असेल तर आजारी सापाला वेगळ्या खोलीत हलवा. कामं नेहमी निरोगी सापापासून सुरू करा, आजाऱ्याची सगळ्यात शेवटी. पाण्याचं भांडं, चिमटा, कापड सगळं वेगळं ठेवा. नव्या सापासाठी किमान तीन महिने हा नियम पाळा, कारण काही विषाणू बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या सापातही असतात.

पेटीतला भुसा, साली काढून टाका आणि छापील वर्तमानपत्र किंवा पांढरे पेपर टॉवेल पसरा. पांढऱ्या कागदावर लाळ दिसते, शी-शू कशी झाली ते कळतं, माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक जीव, असतील तर तेही दिसतात. पाइन किंवा सिडार लाकडाचा भुसा असेल तर तो परत कधीच घालू नका. त्या लाकडातला उग्र वास देणारा अंश सापाच्या फुप्फुसाला त्रास देतो. दुकानात पाळीव प्राण्यांसाठी म्हणूनच तो विकायला असतो, त्यामुळे पुष्कळ जण फसतात.

वासाचंच आलं म्हणून सांगते. आपल्या घरांत फोडणीचा धूर, उदबत्ती, धूप, कापूर, डांबराच्या गोळ्या, यातलं काही ना काही असतंच. पेटी स्वयंपाकघराजवळ किंवा देवघरासमोर असेल तर ती हलवा. महाराष्ट्र मंडळाच्या ओळखीतून आलेल्या एका घरी पेटीचं सगळं नीट होतं, फक्त ती रोज संध्याकाळी धूप फिरवायच्या कोपऱ्यात होती. जागा बदलल्यावर त्या सापाची शिट्टी थांबली.

आणि हात. सापांच्या अंगावर साल्मोनेला हा जुलाब करणारा जंतू असू शकतो. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका, पाच वर्षांखालच्या मुलांना आणि घरातल्या थकलेल्या माणसांना आजारी साप हाताळू देऊ नका.

नाकात कात अडकली आहे का?

खर्च शून्य. शिट्टीचं हे सगळ्यात निरुपद्रवी कारण, म्हणून ते आधी वगळायचं. कात टाकण्याआधी सापाचे डोळे निळसर धुरकट होतात, अंग मळकट दिसतं आणि त्या दिवसांत अनेकांच्या नाकातून शिट्टी येते. कात निघाली की शिट्टी जाते. ती तुकड्यातुकड्यांनी निघाली असेल, तर नाकपुडीत पापुद्रा राहून आवाज येत राहतो.

झाकण असलेला प्लास्टिकचा डबा घ्या, बाजूला साप जाईल एवढं भोक पाडून कडा घासून गुळगुळीत करा, आत ओला करून पिळलेला पेपर टॉवेल ठेवा आणि डबा पेटीच्या उबदार बाजूला ठेवा. साप त्यात आपणहून जाऊन बसतो आणि एक-दोन दिवसांत पापुद्रा सैल होतो. डोळ्यावर जुनी कात राहिली असेल तर चिमट्याने ओढू नका. खालच्या डोळ्याला इजा होण्याची भीती असते. पुढच्या कातीबरोबर ती बहुधा निघते, नाहीतर डॉक्टर काढतात.

शिट्टी आहे, पण लाळ नाही, बुडबुडे नाहीत आणि कातीनंतर आवाज थांबला, तर प्रश्न मिटला.

उष्णता: पहिले पैसे इथे घाला

तुमच्याकडे एकूण पन्नास डॉलर असतील आणि साप अजून तोंड मिटून श्वास घेत असेल, तर ते इथे खर्च करा. वीस डॉलरच्या आसपास साधी टेम्परेचर गन (लांबून रोखून तापमान मोजणारं यंत्र) मिळते आणि तेवढ्याच किमतीत साधा थर्मोस्टॅट, जो ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करतो. परतणारी घरघर बहुतेक घरांत या दोन वस्तूंनी थांबलेली मी पाहिली आहे.

साप स्वतःची उष्णता तयार करत नाही. त्याचं पचन, रक्ताभिसरण, जंतूंशी लढणाऱ्या पेशींचं काम, सगळं बाहेरून मिळणाऱ्या उबेवर चालतं. पेटी पाच अंशांनी थंड असेल तर त्याची प्रतिकारशक्ती अर्ध्या झोपेत असते. औषधही शरीरात नीट फिरत नाही, आणि डॉक्टरांनी इंजेक्शनांमधलं अंतर साप योग्य उबेत आहे हे धरूनच ठरवलेलं असतं. थंड पेटीतल्या सापाला महागडं अँटिबायोटिक देणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

बॉल पायथनला एका टोकाला ३१ ते ३२ अंश सेल्सिअस, म्हणजे ८८ ते ९० फॅरनहाइट लागतं. दुसऱ्या टोकाला २५ ते २७, म्हणजे ७७ ते ८० फॅरनहाइट. दोन्ही टोकं हवीत, कारण त्याला कधी ऊब आणि कधी गारवा हवा असतो आणि तो स्वतः जागा निवडतो. दोन्हीकडे लपायला जागा ठेवा. एकच लपण गार बाजूला असेल तर लाजरा साप ऊब सोडून तिथेच दडून बसतो. निरोगी सापाला रात्री थोडी घट चालते, आजाऱ्याला नाही. तो बरा होईपर्यंत रात्रंदिवस हीच उष्णता ठेवा.

मोजायचं कसं? काचेला चिकटवलेली गोल काट्याची तबकडी काढून टाका. ती काचेचं आणि आसपासच्या हवेचं काहीतरी सरासरी दाखवते, आणि साप बसतो जमिनीवर. टेम्परेचर गन सापाच्या बसायच्या जागेवर रोखा. उबदार लपणाच्या आतली जमीन, गार लपणाची जमीन, पाण्याचं भांडं. सकाळी उठल्याबरोबर एकदा आणि झोपताना एकदा, आणि आकडे वहीत लिहा. सकाळचा आकडा बहुतेकांना धक्का देतो. इथल्या बेसमेंटमध्ये हिवाळ्यात रात्री १६ ते १८ अंश असतं आणि वरून जाळीचं झाकण असलेली काचेची टाकी सगळी ऊब सोडून देते.

कमी खर्चात ऊब टिकवण्याचे उपाय साधे आहेत. जाळीचं झाकण दिव्याची जागा सोडून तीन-चतुर्थांश भागावर अॅल्युमिनियम फॉइलने झाका. टाकीच्या मागच्या आणि दोन्ही बाजूंना बाहेरून फोमचा पुठ्ठा लावा. टाकी जमिनीवर असेल तर टेबलावर घ्या, खिडकी आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर न्या. तरीही उष्णता टिकत नसेल तर काच सोडा आणि कपडे ठेवायचा मोठा प्लास्टिकचा टब घ्या. कडांना हवेसाठी भोकं पाडा, खाली एका टोकाला हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) लावा. टब दिसायला साधा, पण ऊब आणि दमटपणा काचेपेक्षा कितीतरी चांगला धरतो आणि वीस डॉलरच्या आत येतो. आमच्याकडचे आजारी साप टबातच असतात.

हीट मॅट थर्मोस्टॅटशिवाय कधीही लावू नका. नुसती मॅट इतकी तापते की सापाचं पोट भाजतं, आणि साप भाजत असतानाही तिथून चटकन हलत नाही. थर्मोस्टॅटचा तारेला जोडलेला सेन्सर मॅट आणि टबाच्या तळाच्या मध्ये, बरोबर मॅटवर ठेवा आणि चिकटपट्टीने पक्का करा. ही चिकटपट्टी पेटीच्या आत लावू नका, सापाची कातडी चिकटून सोलते. तापणारे कृत्रिम दगड जुन्या टाकीबरोबर फुकट आले तरी कचऱ्यात टाका. माणसांच्या पाठदुखीसाठीचे हीटिंग पॅडही नकोत.

वीज गेली तर? सापाला कापडी पिशवीत घाला, पिशवी फोमच्या डब्यात ठेवा आणि बाजूला कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवा. बाटली पिशवीला थेट लागू देऊ नका.

दमटपणा

साधारण ६० ते ७० टक्के. इथल्या हिवाळ्यात हीटिंग चालू झालं की घरातली हवा कोरडीठाक होते, नाकाचं आणि घशाचं अस्तर सुकतं आणि जंतूंना वाट मिळते. डिजिटल मीटर दहा-बारा डॉलरना येतो. पाण्याचं मोठं भांडं उबदार बाजूकडे सरकवलं आणि झाकण झाकलं की बहुधा भागतं.

मात्र घाबरून सगळीकडे पाणी फवारू नका. कोरडं आणि उबदार यापेक्षा ओलं आणि थंड कितीतरी वाईट. उष्णता जमली नसेल तर दमटपणाला हातच लावू नका, आधी ऊब सुधारा. तळ ओला राहिला तर पोटाचे खवले लाल होऊन कुजतात आणि एकाचे दोन आजार होतात.

माइट्स

हनुवटीची खाच, डोळ्याभोवतीची कडा आणि पाण्याच्या भांड्याचा तळ नीट बघा. खसखशीच्या दाण्याएवढे काळे ठिपके हलत असतील तर ते सापाचं रक्त पिणारे माइट्स. पांढरा ओला टिश्यू सापाच्या अंगावरून डोक्याकडून शेपटीकडे फिरवा, काळे-लाल डाग उठतील. साप दिवसेंदिवस पाण्यात बसून राहत असेल तर शंका घ्याच. माइट्स सापाला अशक्त करतात, एका सापाचे जंतू दुसऱ्याला नेतात, आणि ते गेले नाहीत तर छातीचा आजार परत येतच राहतो.

कमी खर्चातली पद्धत कष्टाची आहे. सगळं अंथरूण बंद पिशवीत भरून घराबाहेर टाका. पेटी गरम साबणाच्या पाण्याने धुवा, फटींत ब्रश फिरवा. लाकडी वस्तू टाकून द्या. सापाला सुमारे २९ अंशांच्या कोमट पाण्यात वीस मिनिटं बसवा. पाणी त्याच्या हनुवटीखालीच राहील एवढं उथळ ठेवा आणि एक मिनिटही नजर हलवू नका, कारण ज्याला आधीच श्वास घेता येत नाही तो पाण्यात सहज गुदमरतो. तोंड वासून श्वास घेणाऱ्या सापाला पाण्यात बसवूच नका. अंडी सापाच्या अंगावर नसतात, ती पेटीच्या फटींत असतात, म्हणून हे सगळं काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा करावं लागतं. कुत्र्या-मांजरांच्या पिसवांचे फवारे सापावर मारू नका. औषध लागेलच असं वाटलं तर कोणतं आणि किती ते डॉक्टरांना विचारा.

तोंड

चांगल्या उजेडात ओठांची कड बघा. साप जांभई देतो तेव्हा आत डोकावता येतं. हिरड्या फिकट गुलाबी असायला हव्यात. लाल टिपके, सूज, पनीरच्या चुऱ्यासारखे पांढरे-पिवळे कण दिसले तर तोंडात संसर्ग आहे. सापाचा पू पातळ नसतो, तो असा घट्टच असतो, म्हणून अनेकांना ते अन्न वाटतं. हा संसर्ग श्वासनलिकेत उतरतो. ते कण घरी खरवडू नका आणि तोंड जबरदस्तीने उघडू नका. ही तपासणी फक्त बघण्यापुरती. काही दिसलं की डॉक्टर.

वजन, पाणी, खाणं

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरा, पण त्यावर सापासाठी वेगळा डबा ठेवा. आठवड्यातून एकदा, त्याच वारी वजन लिहा. मूळ वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त घट झाली तर वाट पाहायची नाही, डॉक्टर गाठायचा.

कातडीला सुरकुत्या आणि डोळे खोल गेलेले दिसले तर शरीरातलं पाणी कमी झालं आहे. स्वच्छ पाणी रोज बदला. घरघर चालू असेपर्यंत खायला देऊ नका. पचनाला शरीराची ताकद लागते, आणि उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जायची भीती असते. घशात नळी घालून किंवा उंदीर कोंबून भरवणं तर मुळीच नको. बॉल पायथनचा उपवास माणसाला बघवत नाही, हे मी समजू शकते. पण धट्टाकट्टा मोठा साप दोन महिन्यांच्या उपवासाने मरत नाही. भरवताना फुप्फुसात गेलेल्या घासाने मात्र मरतो.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी इथेच सांगते: सापाला दूध पाजू नका. नागपंचमीच्या आधी तहानेने व्याकूळ ठेवलेला साप दूध पितो, कारण तो समोर आलेलं काहीही पितो. ते दूध पचत नाही आणि फुप्फुसात गेलं तर जीव घेतं. नाग, धामण, अजगर असे आपल्याकडचे साप घरी ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. जखमी साप सापडला तर तो घरी बरा करायचा प्रयत्न न करता वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. बॉल पायथनसारखा परदेशी साप भारतात पाळलेला असेल तर त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. उष्णतेचे आकडे तिथेही हेच. पुण्यात डिसेंबरच्या रात्री १० ते १२ अंशांपर्यंत उतरतात, त्यामुळे उन्हाळ्यात ठणठणीत असलेला साप तिथेही हिवाळ्यातच घरघरायला लागतो.

किती दिवस थांबायचं

फक्त हलकी शिट्टी, लाळ नाही, साप हिंडतोय, आणि पेटी थंड असल्याचं तुम्ही मोजून पाहिलं आहे: ऊब सुधारून एक आठवडा वाट पाहा. तेवढ्यात आवाज स्पष्ट कमी व्हायला हवा. तसाच राहिला तर डॉक्टर.

नाकातोंडात ओलावा, बुडबुडे, मान उंच करून बसणं: आठवडाही थांबू नका. ऊब आजच सुधारा आणि जी पहिली वेळ मिळेल ती घ्या. हा संसर्ग उबेने मंदावतो, पण मुरलेला असेल तर नुसत्या उबेने जात नाही.

डॉक्टरांकडे, पैसे जपून

कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर साप पाहत नाही. असोसिएशन ऑफ रेप्टाइल अँड अॅम्फिबियन व्हेटेरिनेरियन्स या संघटनेच्या यादीत आपल्या भागातले डॉक्टर मिळतात. दोन-तीन ठिकाणी फोन करून तपासणीची फी विचारा, तिच्यात खूप फरक असतो. पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आणि जवळचा बचाव गट यांनाही विचारा. बचाव गटांना पुष्कळदा सवलत मिळते आणि ते तुमच्या सापासाठी शब्द टाकतात.

जाताना वही, आवाजाचा व्हिडिओ आणि पेटीचा फोटो न्या. साप कापडी पिशवीत, पिशवी फोमच्या डब्यात, डबा आधीच गरम केलेल्या गाडीत. आत गेल्यावर पहिल्याच वाक्यात बजेट सांगा: "माझ्याकडे आज एवढे आहेत, यात सगळ्यात उपयोगाचं काय?" हे सांगताना संकोच वाटतो, पण चांगले डॉक्टर त्यावरून तपासण्यांचा क्रम लावतात. प्रत्येक तपासणीबद्दल विचारा की तिच्या निकालाने उपचार बदलणार आहे का. पहिल्यांदाच आजारी पडलेल्या सापाला पुष्कळदा थेट औषध सुरू करतात. आजार दुसऱ्यांदा आला असेल तर मात्र श्वासनलिकेतला नमुना तपासून कोणता जंतू आहे आणि कोणतं औषध लागू पडतं ते पाहणं स्वस्त ठरतं, कारण चुकीच्या औषधाचा आणखी एक महिना त्याहून महाग पडतो.

सापांच्या छातीच्या संसर्गात बहुधा सेफ्टाझिडिम या अँटिबायोटिकचं इंजेक्शन वापरतात. ते दर तीन दिवसांनी द्यायचं असतं. दर वेळी दवाखान्यात गेलात तर फीच अंगावर येते. म्हणून घरी कसं द्यायचं ते शिकवायला सांगा. बहुतेक डॉक्टर आनंदाने शिकवतात आणि मोजलेल्या मात्रेच्या सिरिंज भरून देतात, त्या फ्रीझरमध्ये टिकतात. इंजेक्शन शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागात, मणक्याच्या बाजूच्या स्नायूत देतात. मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडाकडे जाऊ शकतं, म्हणून तिकडे टाळतात. जागा दर वेळी बदला, कोणत्या दिवशी कुठे दिलं ते वहीत लिहा. आवाज थांबला तरी सांगितलेली सगळी इंजेक्शनं पूर्ण करा. सापाच्या शरीरात सगळं सावकाश चालतं, उपचारही काही आठवडे चालतात, आणि मध्येच सोडलेला कोर्स हे आजार परतण्याचं दुसरं मोठं कारण आहे.

भारतातून आणलेल्या औषधांच्या डब्यातलं अँटिबायोटिक, माशांच्या टाकीतली पावडर, मित्राच्या सापाचं उरलेलं इंजेक्शन, यातलं काहीही देऊ नका. मात्रा वजनावर ठरते, आणि काही अँटिबायोटिकं पाणी कमी झालेल्या सापाची मूत्रपिंडं निकामी करतात.

सगळं नीट असूनही परतला तर

पेटीचे आकडे महिनाभर वहीत बरोबर आहेत, कोर्स पूर्ण झाला आहे, माइट्स नाहीत आणि तरी घरघर परत आली. इथे तुम्ही स्वतः काही शोधणं थांबवा. आता विषाणूची शंका घ्यावी लागते. पायथनांमध्ये निडोव्हायरस नावाचा विषाणू अशाच परतणाऱ्या छातीच्या आजाराला कारण होतो, बॉल पायथनांतलं त्याचं वर्णन २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. तोंडातून कापसाच्या बोळ्याने घेतलेल्या नमुन्यावर त्याची तपासणी होते. त्यावर औषध नाही. निदान झालं तर ऊब, पाणी आणि वरून होणाऱ्या जंतुसंसर्गावर इलाज एवढंच हाती राहतं. तो साप दुसऱ्या सापांच्या घरी कधीही द्यायचा नाही.

मान मागे वळणं, तोल जाणं, वारंवार उलटी हे सोबत असेल तर आणखी एका विषाणूची तपासणी करतात, तोही असाध्य आहे. साप त्रासात असेल आणि बरा होण्याची आशा नसेल, तर शांत मरण देण्याचा निर्णय डॉक्टरांबरोबर बसून घ्या. सापाला फ्रीझरमध्ये ठेवणं हा त्याला घरच्या घरी सोडवण्याचा मार्ग अजूनही काही जण सुचवतात. त्यात सापाला यातना होतात, ते करू नका. या शेवटच्या भेटीचे पैसे नसतील तर बचाव गटाला स्पष्ट सांगा. आमच्यासारखे गट अशा वेळी पैसे उभे करतात.

बरा होणाऱ्या सापाला मात्र खायला द्यायची घाई नको. आवाज पूर्ण थांबून एक आठवडा गेला, कोर्स संपला, की नेहमीपेक्षा निम्म्या आकाराचा गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून संध्याकाळी द्या. त्यानंतर दोन दिवस सापाला हात लावू नका. नाकारला तर उंदीर काढून टाका आणि आठवड्याने पुन्हा द्या. खाल्ला आणि पोटात टिकला, तर पुढचा उंदीर दहा-बारा दिवसांनी, तोही लहानच. सकाळ-संध्याकाळचे उष्णतेचे आकडे पुढचा पूर्ण हिवाळा संपेपर्यंत लिहीत राहा.